अंधारात देणारा : मायरानगरीचे संत निकोलस

मार्गशीर्ष लागला की अंबाजोगाईचे रूप पालटते. श्रीयोगेश्वरीचा उत्सव सुरू होतो, गावोगावचे भाविक दर्शनाला लोटतात आणि पौर्णिमेला, दत्तजन्माच्या दिवशी, या पर्वाची सांगता होते. इंग्रजी कालगणनेप्रमाणे हे दिवस बहुधा डिसेंबरात पडतात. २०२३ साली तर दत्तजयंती २६ डिसेंबरला, म्हणजे नाताळच्या दुसऱ्याच दिवशी आली होती. त्यामुळे अलीकडे बीड, परळी, अंबाजोगाईच्या बाजारपेठेत एक मौजेचे दृश्य दिसते. एका दुकानात खण-नारळाची ओटी, हळदकुंकू आणि फुलांच्या माळा, तर शेजारच्या दुकानाच्या दर्शनी भागात लाल टोपीचा, पांढऱ्याशुभ्र दाढीचा, खांद्यावर पोतडी घेतलेला एक हसरा म्हातारा. आईचे बोट धरून देवळाकडे निघालेले मूल त्याच्यापाशी थबकते आणि हा कोण, असे विचारते. त्यावर तो ख्रिस्ती लोकांचा देव आहे, असे काहीतरी सांगून आपण मुलाला पुढे ओढतो.

वस्तुतः तो देव नव्हे आणि मुळात गोष्टीतले पात्रही नव्हे. सुमारे सतराशे वर्षांपूर्वी आशिया खंडाच्या पश्चिम टोकाला होऊन गेलेल्या एका ख्रिस्ती सत्पुरुषाची ती फार दूरवरून आलेली, वाटेत पुष्कळ पालटलेली छाया आहे. त्या सत्पुरुषाचे नाव संत निकोलस. दत्तजयंतीच्या दिवसांत परधर्मीय संताचे चरित्र सांगावयाचे आम्ही का योजिले, याचे उत्तर त्या चरित्रातच आहे. ज्या घरांत दासोपंतांची आणि दामाजीपंतांची कथा आजीच्या तोंडून ऐकली गेली आहे, त्या घरांना निकोलसची कथा मुळीच परकी वाटणार नाही, असा आमचा विश्वास आहे.

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. निकोलसच्या हयातीत लिहिलेला त्यांच्याविषयीचा एकही कागद आज उपलब्ध नाही. त्यांचे पहिले सविस्तर चरित्र नवव्या शतकात, म्हणजे त्यांच्यानंतर जवळजवळ पाचशे वर्षांनी, मायकेल नावाच्या एका मठाधिपतीने लिहिले. मधल्या काळात सायनचे निकोलस म्हणून त्याच प्रांतात होऊन गेलेल्या दुसऱ्या एका साधूच्या आठवणीही त्यांच्या चरित्रात मिसळून गेल्या. संतचरित्रांचे हे असेच असते. आपल्याकडेही महिपतीबुवांनी संतांची चरित्रे गायिली ती त्या संतांच्या मागाहून कित्येक पिढ्यांनी. तेव्हा जे परंपरा सांगते ते परंपरेचे म्हणूनच आम्ही येथे देत आहोत.

आजच्या तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावर प्राचीन काळी लिशिया नावाचा प्रांत होता. रोमन साम्राज्याचा तो भाग, भाषा ग्रीक. तेथील पातारा या बंदरगावी इसवी सन २७०च्या सुमारास एका सधन ख्रिस्ती कुटुंबात निकोलस यांचा जन्म झाला, असे मानतात. मातापित्यांचे छत्र लवकरच हरपले आणि तरुण निकोलस मोठ्या संपत्तीचा एकटा धनी झाला. वय कोवळे, हाती पैसा, विचारणारे कोणी नाही. अशा वेळी बहुतेकांचे जे होते ते त्याचे झाले नाही. हे धन आपले नव्हे, आपण त्याचे केवळ राखणदार आहोत, अशी त्याच्या मनाची धारणा झाली आणि ते ज्यांचे आहे त्यांच्यापर्यंत कसे पोचवावे, या विचारात तो राहू लागला.

त्याच गावी एक गृहस्थ राहत असे. एके काळचा संपन्न, पण आता सर्वस्व गमावून बसलेला. त्याच्या घरी तीन उपवर मुली होत्या. त्या देशी त्या काळी मुलीबरोबर धन दिल्यावाचून तिचे लग्न होत नसे, आणि येथे तर दोन वेळच्या अन्नाचीही भ्रांत. दारिद्र्य माणसाला कोठवर नेते याला सीमा नाही. पोटच्या मुलींना बाजारात बसविण्यावाचून गत्यंतर नाही, या निर्णयाप्रत तो बाप आला. ही गोष्ट निकोलसच्या कानी गेली.

मदत तर करावयाची, पण कशी? उजळ माथ्याने दारात जाऊन धन द्यावे, तर एके काळी स्वतः चार जणांना देणाऱ्या त्या गृहस्थाला हात पसरण्याची लाज. मुलींची नावे गावभर होणार ती वेगळीच. आणि देणाऱ्यालाही दातृत्वाचा अहंकार जडावयाचा. निकोलसने एका फडक्यात सोन्याची नाणी बांधली, मध्यरात्री तो त्या घराजवळ गेला आणि उघड्या खिडकीतून ती पुरचुंडी आत टाकून पाऊल न वाजवता परतला. सकाळी बापाला सोने सापडले. कोणी दिले ते कळेना. त्याने थोरल्या मुलीचे लग्न लावले. काही दिवसांनी दुसरी पुरचुंडी आली आणि दुसरीचे लग्न झाले. आता मात्र तो बाप जागा राहू लागला. तिसऱ्या खेपेला सोने पडल्याचा आवाज होताच तो धावत सुटला, अंधारात त्या तरुणाला त्याने गाठले, ओळखले आणि त्याच्या पायांवर लोळण घेतली. निकोलसने त्याला उठविले आणि एकच अट घातली. आपण जिवंत आहोत तोवर ही गोष्ट कोणाला सांगावयाची नाही.

मुलांच्या नाताळातील पुढचे सारे चालीरीतींचे प्रकरण या एका रात्रीतून उगवले आहे. कथा पुढे थंड प्रदेशांत गेली तेव्हा खिडकीच्या जागी धुराडे आले. सोने धुराड्यातून खाली पडले ते चुलीपाशी वाळत घातलेल्या मोज्यात, असे लोक सांगू लागले. म्हणून मुले मोजे टांगू लागली. चित्रकारांनी त्या तीन पुरचुंड्यांचे तीन सोनेरी गोळे केले आणि ते निकोलसच्या हाती दिले. पुढे युरोपात सावकारी पेढ्यांच्या दारावर तीन गोळ्यांची खूण लटकू लागली, तिचा संबंधही पुष्कळजण याच गोळ्यांशी जोडतात. व्याजाविना आणि नावाविना देणाऱ्याची खूण गहाणवटीच्या दारावर यावी, हा दैवदुर्विलासच म्हणावयाचा!

आता आमच्या वाचकांनी क्षणभर अंबाजोगाईला यावे. दासोपंतांचे वडील दिगंबरपंत हे नारायणपेठचे देशपांडे. दुष्काळ पडला, सारा वसूल होईना, सरकारात भरणा करता येईना. तेव्हा बेदरच्या बादशहाने त्यांच्या लहानग्या मुलाला ओलीस ठेवून घेतले. महिन्याच्या मुदतीत रक्कम आली नाही तर मुलाला स्वधर्म सोडावा लागेल, अशी अट घातली. महिना सरत आला, बापाचा इलाज चालेना. अखेरच्या दिवशी एक साधा पाडेवार दरबारात आला, त्याने सारी रक्कम मोजून दिली, दत्ताजी पाडेवार असे आपले नाव सांगितले आणि मुलाची सुटका झाली. तो मग कोठे गेला, कोणाला दिसला नाही. दिगंबरपंतांनी तर असा कोणी माणूस पाठविलाच नव्हता! ते श्रीदत्तात्रेयच होते, अशी भाविकांची श्रद्धा आहे. सुटलेला तो बालक पुढे मातापुरी म्हणजे माहूरला गेला, गोदातीरी राक्षसभुवनला राहिला आणि शेवटी अंबाजोगाईला स्थिरावला. गीतार्णवासारखा प्रचंड ग्रंथ त्याने लिहिला आणि कापडाच्या लांबलचक पासोडीवर पंचीकरणाचा विषय मांडला. ती पासोडी आणि थोरले व धाकटे देवघर हे अंबाजोगाईकरांच्या नित्याच्या अभिमानाचे विषय आहेत.

दोन्ही कथांत मूल बापाच्या कर्जापायी पणाला लागले आहे, हे आमच्या मते सर्वांत महत्त्वाचे. ज्या जिल्ह्यातून दसरा-दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे उचल घेऊन ऊसतोडीला बाहेर पडतात आणि त्या उचलीची फेड मुलांच्या शाळेने व मुलींच्या लवकर उरकलेल्या लग्नांनी होते, त्या जिल्ह्याला याचा अर्थ फोडून सांगावयास नको. आणि दोन्ही कथांत सोडविणारा स्वतःचे नाव मागे ठेवीत नाही. एक अंधार पांघरून येतो, दुसरा पाडेवाराचे घोंगडे पांघरून.

निकोलस यांच्या चरित्राकडे पुन्हा वळू. पातारापासून जवळच मायरा नावाचे नगर होते. तेथील धर्माध्यक्ष, म्हणजे बिशप, निवर्तले. नवा कोण निवडावा याचा निर्णय होईना. तेव्हा पहाटे प्रार्थनामंदिरात जो प्रथम पाऊल टाकील आणि ज्याचे नाव निकोलस असेल तोच देवाला मान्य, असा दृष्टान्त एका वृद्ध बिशपांना झाला आणि भल्या पहाटे प्रार्थनेला आलेला निकोलस अनपेक्षितपणे मायराचा धर्माध्यक्ष होऊन बसला. हत्तीणीने माळ घालून राजा निवडल्याच्या आपल्याकडील कथा येथे कोणालाही आठवतील.

पद मिळाले ते सुखाचे नव्हते. इसवी सन ३०३ मध्ये डायोक्लेशियन बादशहाने ख्रिस्ती लोकांचा छळ आरंभिला. त्यात निकोलस यांनाही बंदिवास घडला, असे परंपरा सांगते. पुढे कॉन्स्टंटाइनच्या कारकिर्दीत तो धर्म मोकळा झाला आणि ते परतले. ३२५ साली निकेया येथे धर्माध्यक्षांची मोठी परिषद भरली. तिच्या उपस्थितांच्या काही याद्यांत निकोलस यांचे नाव आढळते, काहींत आढळत नाही. एरियस नावाच्या प्रतिपक्ष्याला त्यांनी भर सभेत थप्पड मारली, अशी एक आख्यायिका पुष्कळ शतकांनंतर रूढ झाली. ज्याने मध्यरात्री पाऊलही वाजू दिले नाही, त्याच्या हातून भर सभेतली ती थप्पड आम्हाला तरी खरी वाटत नाही.

दुष्काळाची एक कथा मात्र आवर्जून सांगण्यासारखी आहे. लिशियात पीक बुडाले, लोक अन्नान्न करू लागले. त्या वेळी मायराच्या बंदरात धान्याने भरलेली जहाजे येऊन लागली. इजिप्तमधील अलेक्झांड्रियाहून निघालेला तो गहू राजधानीला, बादशाही कोठारात जावयाचा होता. निकोलस बंदरावर गेले आणि प्रत्येक जहाजातून थोडे थोडे धान्य उतरवून देण्याची त्यांनी विनंती केली. नावाडी भ्यायले. माल मापून भरलेला, राजधानीत पुन्हा मापून घेणार, कमी भरला तर मान जायची. निकोलस यांनी जबाबदारी आपल्या शिरावर घेतली. नावाड्यांनी धान्य उतरविले, मायराची माणसे जगली, पेरणीलाही बी उरले. आणि जहाजे राजधानीला पोचली तेव्हा माप पुरेपूर भरले!

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी बेदरच्या बादशहाची कोठारे भुकेल्यांसाठी खुली केली आणि त्या धान्याचे मोल विठू महार होऊन पांडुरंगाने दरबारात भरले, ही कथा ज्याने ऐकली नाही असे घर मराठवाड्यात विरळा. तेथे हिशेब देवाने नाणी मोजून पुरा केला, येथे माप भरून. सरकारी कोठार आणि भुकेलेली प्रजा यांच्यामध्ये उभे राहण्याचे धैर्य मात्र दोघांचे एकाच जातीचे.

अभ्यासकांच्या मते निकोलस यांच्याविषयीची सर्वांत जुनी लिखित कथा ही दानाची नाही, न्यायाची आहे. लाच खाऊन एका सुभेदाराने तीन निरपराध माणसांना देहान्ताची शिक्षा सुनावली. मारेकऱ्याची तलवार उगारलेली असताना निकोलस धावत गेले आणि त्यांनी ती हातानेच धरली. हे पाहणारे तीन सरदार पुढे राजधानीत खोट्या आरोपाखाली कैदेत पडले, तेव्हा त्यांनी निकोलसचा धावा केला आणि निकोलसने बादशहाच्या स्वप्नात जाऊन त्यांना सोडविले. या कथेचे एक गमतीदार रूपांतर झाले. बुरुजात कोंडलेले ते तीन सरदार चित्रकारांनी बुटके काढले, आणि पाहणाऱ्यांना ती पिंपात बसलेली तीन मुले वाटली, असा विद्वानांचा तर्क आहे. त्यातून दुष्काळात एका खाटकाने तीन मुलांना मारून खारवून पिंपात भरले आणि निकोलसने त्यांना जिवंत उठविले, अशी कथा युरोपभर पसरली. आमच्या माताभगिनींना येथे श्रियाळ-चांगुणेचा चिलया बाळ आठवल्यावाचून राहणार नाही. चित्र वाचण्यात चूक झाली असेल. पण त्या चुकीमुळे निकोलस मुलांचे कैवारी ठरले. त्याआधी ते मुख्यतः नावाड्यांचे कैवारी होते.

६ डिसेंबर या तिथीस, बहुधा ३४३च्या सुमारास, निकोलस यांनी देह ठेविला. मायरातच त्यांची समाधी झाली. अंबाजोगाईला जशी डोंगराच्या पोटात कोरलेली हत्तीखान्याची लेणी, तशी मायराला कड्यात कोरलेली प्राचीन थडगी आहेत. त्या नगराच्या परिसरात हे समाधिमंदिर उभे राहिले. त्या प्रांतावर तुर्कांची सत्ता आल्यावर १०८७ साली इटलीतील बारी या बंदराच्या दर्यावर्दींनी ती समाधी फोडून अस्थी आपल्या गावी नेल्या. तिकडचे लोक याला स्थलांतर म्हणतात. आम्ही याला चोरीच म्हणू, जरी ती भक्तीपोटी झालेली असली तरी. बारीला त्यांचे भव्य मंदिर बांधले गेले, यात्रा वाढली आणि कैवारी संत म्हणून निकोलसचे नाव पश्चिम युरोपच्या बंदराबंदरांत पोचले.

हॉलंडात त्यांना सिंटरक्लास म्हणू लागले. ५ डिसेंबरच्या रात्री मुले आपला जोडा चुलीपाशी ठेवीत, संतांच्या घोड्यासाठी त्यात वैरण किंवा गाजर ठेवीत, आणि सकाळी त्या जागी खाऊ सापडे. खोडकर मुलाच्या जोड्यात छडी निघे. यान स्टेन या डच चित्रकाराने १६६५च्या पुढच्या काही वर्षांत काढलेल्या एका प्रसिद्ध चित्रात हा सारा प्रसंग आहे. बाहुली मिळालेली लाडकी मुलगी, जोड्यात छडी निघाल्याने रडणारा मुलगा आणि मागे पडद्याआडून त्याला हळूच बोलावणारी म्हातारी, बहुधा आजी. वास्तविक तोवर हॉलंडात धर्मसुधारकांचे राज्य आले होते, त्यांना संतपूजा मान्य नव्हती. काही शहरांच्या अधिकाऱ्यांनी या सणाच्या बाजारावर बंदीही घातली. पण मुलांच्या सणावर बंदी घालून ती पाळली गेली, असे जगात कोठे झाले आहे? जर्मनीत मात्र मार्टिन ल्यूथरच्या अनुयायांनी संताऐवजी बाळ ख्रिस्त हाच दाता मानला, आणि भेटींचा दिवस ६ डिसेंबरवरून सरकून ख्रिस्तजयंतीला, २५ डिसेंबरला जाऊन मिळाला. निकोलसची चाल नाताळात आली ती अशी.

पुढचा प्रवास अमेरिकेचा. आजचे न्यूयॉर्क शहर मुळात डचांचे. तेथील इतिहासमंडळाने १८१० साली निकोलसचा दिवस साजरा केला, त्या वेळी छापलेल्या चित्रात चुलीपाशी टांगलेले मोजे आणि दोन मुले दिसतात. १८२३ साली एका वृत्तपत्रात निनावी छापलेल्या आणि पुढे क्लेमेंट मूर यांच्या नावे प्रसिद्ध झालेल्या कवितेने त्यांना आठ हरणांची गाडी दिली आणि धर्माध्यक्षाचा धिप्पाड, गंभीर देह काढून घेऊन एक गुबगुबीत, हसरा बुटका केला. १८६३पासून टॉमस नॅस्ट या चित्रकाराने त्याला दाढी, पट्टा आणि उत्तर ध्रुवावरचे घर दिले. १९३१पासून एका शीतपेयाच्या जाहिरातींनी तोच लाल पोशाखाचा म्हातारा जगाच्या बाजारात नेला. लाल रंग त्या जाहिरातींनी दिला असे म्हणतात ते खरे नव्हे, तो आधीही होता. सिंटरक्लासचा सांताक्लॉज झाला तो या वाटेने.

आपल्याकडे नाताळ हा शब्दच पोर्तुगीज आहे. त्याचा अर्थ जन्म. वसईला आणि गोव्यात जुन्या ख्रिस्ती घरांतून मुले आजही ख्रिस्तजन्माचा गोठा मांडतात, कागदी चांदण्यांचे कंदील टांगतात, आणि फराळाची ताटे शेजारी धाडली जातात. हा गोठाही असाच एका संताचा. असिसीच्या फ्रान्सिसने १२२३ साली ग्रेचो गावी तो प्रथम मांडला, असे मानतात. आपल्या मुलांच्या दिवाळीतल्या किल्ल्याची आणि जन्माष्टमीच्या गोकुळाची आठवण करून देणारी ही प्रथा आम्हाला त्या लाल टोपीहून अधिक गोड वाटते. पण टोपीखालच्या गोष्टीलाही आम्ही कमी लेखीत नाही. कारण ज्या घरी ही चाल पाळतात, त्या घरी मध्यरात्री खरोखर कोण उठते? दिवसभर राबलेला बाप किंवा आई उठते, उशाशी खेळणे ठेवते आणि सकाळी त्याचे श्रेय दुसऱ्याला देऊन स्वतः नवल करीत बसते. आमच्याकडे देव पाडेवार होतो. त्यांच्याकडे बाप आपल्या दानाला संताचे नाव देतो.

१९६९ साली रोमच्या धर्मपीठाने आपल्या दिनदर्शिकेची फेररचना केली, तेव्हा निकोलस यांचा दिवस सर्वत्र पाळलाच पाहिजे असा उरला नाही. त्यांना संतपदावरून दूर केले ही समजूत मात्र चुकीची आहे. रशिया आणि ग्रीस येथील ख्रिस्ती जनतेत त्यांची भक्ती पूर्वीइतकीच दृढ आहे आणि बारीला मे महिन्यात त्यांची मूर्ती नावेत बसवून समुद्रात नेतात. मायरानगरीला आज डेमरे म्हणतात. तेथे जुने समाधिमंदिर उभे आहे, आत फुटलेली दगडी शवपेटी आहे. रशियाकडून २००० साली या गावाला निकोलस यांचा धर्माध्यक्षाच्या वेषातील ब्राँझचा पुतळा भेट मिळाला आणि तो चौकात बसला. २००५ साली नगरपालिकेने तो हलवून त्या जागी लाल डगल्यातला प्लॅस्टिकचा सांताक्लॉज उभा केला. प्रवाशांना तोच ओळखीचा, असा त्यामागचा विचार होता. रशियातून नापसंती उमटल्यावर ब्राँझचा पुतळा समाधिमंदिराजवळ एका कोपऱ्यात ठेवण्यात आला.